३६ जणांची झोप आणि ९५ टक्के: कॉन्फिडन्स इंटरव्हलचा निष्कर्ष कसा लिहावा?

गणितातली_मुंगी

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मदत हवी आहे. विषय: आमच्या वर्गातल्या मुलामुलींची झोप. वर्गात १२० जण आहेत. हजेरीपटावरच्या क्रमांकांतून स्प्रेडशीटमध्ये रँडम आकडे काढून ४० जण निवडले, त्यातल्या ३६ जणांनी फॉर्म भरून दिला.

सरासरी झोप ६.८ तास आली, प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १.२ तास. वर्गात शिकवलेलं सूत्र लावलं: सरासरी ± १.९६ × (प्रमाण विचलन ÷ √३६). उत्तर, म्हणजे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खऱ्या सरासरीच्या अंदाजाचा पट्टा), ६.४१ ते ७.१९. निष्कर्षात लिहिलं, "वर्गाची खरी सरासरी झोप ६.४१ ते ७.१९ तासांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे."

मॅडमनी या वाक्याखाली रेघ मारून "शक्यता कशाची?" एवढंच लिहिलंय. शिवाय १.९६ भोवती गोल करून "टी?" असं विचारलंय. सुधारून परत द्यायचं आहे. गणित मला जमतं, पण हे वाक्य बदलून नेमकं काय लिहायचं ते कळत नाही.

आणखी दोन प्रश्न फॉर्ममध्ये होते. "झोप लागेपर्यंत हातात फोन असतो का?" याला २७ जण हो म्हणाले. "झोपेसाठी औषध घेता का?" याला एकही हो नाही. यांचेही इंटरव्हल काढायचे आहेत.

शेवटचा_बाक

टीचं काय एवढं? आम्हाला तर सांगितलंय की नमुना ३०च्या वर गेला की झेड, म्हणजे तुझा १.९६, चालतो. तुझे ३६ आहेत.

अनुमान

३०चा आकडा ही एक सोय आहे, नियम नाही. झेड वापरायचा तर समष्टीचं (ज्याच्याबद्दल निष्कर्ष काढायचा त्या सगळ्या गटाचं) प्रमाण विचलन आधीच माहीत हवं. मुंगीला ते माहीत नाही, तिने ते त्याच ३६ आकड्यांतून काढलंय. म्हणजे सरासरीही अंदाजे आणि पसाराही अंदाजे. या दुसऱ्या अंदाजाची भरपाई टी करतो. १९०८ साली विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने हे मांडलं. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करायचे आणि तिथे नमुने चार-पाचच असायचे, तेव्हा झेड लावून भागत नव्हतं.

मुंगी, तुझ्या बाबतीत ३५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (नमुन्याच्या संख्येतून एक वजा) टीची किंमत २.०३ येते. प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक सरासरी साधारण किती हलते ते) १.२ ÷ ६ = ०.२. म्हणून ६.८ ± ०.४१, म्हणजे ६.३९ ते ७.२१. झेडच्या उत्तरापेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम एकेका मिनिटाचा फरक. हाच नमुना ५ जणांचा असता तर १.९६च्या जागी २.७८ वापरावं लागलं असतं आणि तो फरक कुणाच्याही डोळ्यांत भरला असता. सवय मात्र टीचीच ठेव. नमुना मोठा होत गेला की टी आपसूकच १.९६कडे सरकतो, त्यामुळे टी वापरून कधी नुकसान होत नाही.

स्प्रेडशीटमधली एक गोष्ट सांगून ठेवतो. 'कॉन्फिडन्स डॉट टी' हे फंक्शन पूर्ण इंटरव्हल देत नाही, फक्त ± नंतरचा आकडा देतं. आणि त्यात ०.९५ नाही, ०.०५ भरायचं असतं. प्रोजेक्ट तपासताना सर्वांत जास्त वेळा हीच गफलत दिसते. प्रमाण विचलन काढताना शेवटी 'एस' असलेलं फंक्शन घे, 'पी' असलेलं नको.

गणितातली_मुंगी

टीचं समजलं सर. पण "शक्यता कशाची?" हे तसंच राहिलं. ९५ टक्के म्हणजे शक्यताच ना?

अनुमान

शक्यताच, पण ती पद्धतीची. तुझ्या हातातल्या या दोन आकड्यांची नाही.

वर्गाची खरी सरासरी आत्ता या क्षणी एक ठरावीक संख्या आहे. आपल्याला ती माहीत नाही, पण ती हलत नाही. हलतो तो तुझा नमुना. रँडम आकडे वेगळे आले असते तर वेगळे ४० जण आले असते, सरासरी वेगळी आली असती, इंटरव्हलची दोन्ही टोकं वेगळी आली असती. जमिनीत खुंटी रोवलेली आहे आणि आपण लांबून कडी फेकतोय असं समज. खुंटी जागची हलत नाही, कडी दर वेळी वेगळीकडे पडते. अशी फेक पुन्हा पुन्हा केली तर १००पैकी साधारण ९५ वेळा कडी खुंटीत अडकेल, एवढी या फेकीची ख्याती. एकदा कडी पडली की ती अडकली आहे किंवा नाही, बस. तिथे ९५ टक्के अडकणं असा प्रकार नसतो.

संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ साली ही कल्पना नीट बांधून मांडली तेव्हापासून तिचा अर्थ हाच आहे. आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनला शिकत होते तेव्हा नेमन तिथेच होते. नमुना पाहणीच्या शास्त्राची पायाभरणी त्या काळात चालू होती.

ज्यांना खुद्द खऱ्या सरासरीबद्दल "इतकी शक्यता" असं बोलायचंय, त्यांच्यासाठी बेझियन वाट आहे. तिथे नमुना घेण्याआधीचा आपला अंदाज गणितात उघडपणे मांडावा लागतो. तुझ्या प्रोजेक्टमध्ये तो कुठेच नाही, म्हणून ती भाषा इथे वापरता येत नाही.

शेवटचा_बाक

सर, हा शब्दांचा कीस नाही का? व्यवहारात फरक काय पडतो?

मोजपट्टी

मी बोलू का इथे? पाहण्यांच्या आकडेवारीत रोजचं काम आहे म्हणून सांगते. फरक पडतो, आणि तो बघायचा असेल तर वाद घालण्यापेक्षा करून बघा. स्प्रेडशीटमध्ये एक खोटी समष्टी बनवा, जिची सरासरी तुम्हीच ठरवलेली आहे. समजा ७ तास, विचलन १.२. त्यातून ३६-३६ चे १०० नमुने काढा, प्रत्येकाचा इंटरव्हल काढा आणि ७ हा आकडा किती इंटरव्हलांत सापडतो ते मोजा. मुंगी, तू आधी कर आणि इथे लिही.

गणितातली_मुंगी

केलं! एका ओळीत ३६ आकडे, अशा १०० ओळी. ९३ ओळींत ७ सापडला, ७ ओळींत नाही. परत गणित फिरवलं तर ९६ आणि ४. बरोब्बर ९५ येतील असं वाटलं होतं.

चुकलेल्या ओळी वेगळ्या काढून बघितल्या. एकीत सरासरी ७.४५, विचलन १.१, इंटरव्हल ७.०८ ते ७.८२. आकडे अगदी नेहमीसारखेच आहेत. साडेसहा, आठ, सव्वासात... विचित्र असं एकही उत्तर नाही. ७ मीच ठरवला होता म्हणून कळलं की ही ओळ चुकलीय. नाहीतर मी हाच इंटरव्हल प्रोजेक्टमध्ये लिहिला असता.

मोजपट्टी

हेच दाखवायचं होतं. चुकलेला नमुना आपण चुकल्याचं कुठेही सांगत नाही. तुझा खरा नमुना त्या ९५ टक्क्यांतला की ५ टक्क्यांतला हे त्याच्याकडे बघून ओळखता येत नाही. म्हणून विश्वास ठेवायचा तो पद्धतीवर, आणि पद्धत पाळली का याची जबाबदारी आपली.

बरोब्बर ९५ का नाही, तर १००च्या खेपेत चुकणाऱ्या ओळींची सरासरी ५ असली तरी ३ ते ७ असं मागेपुढे होणं रोजचंच, २ किंवा ९ आले तरी दचकू नये. १०,००० ओळी केल्यास तर आकडा ९५ टक्क्यांना चिकटून येईल.

बाक, व्यवहारातला फरक विचारलास ना? पुष्कळ जण हा इंटरव्हल "९५ टक्के मुलं ६.३९ ते ७.२१ तास झोपतात" असा वाचतात. मुंगी, तुझ्या ३६ उत्तरांत या पट्ट्यात किती आहेत मोज बरं.

गणितातली_मुंगी

फक्त ९.

मोजपट्टी

म्हणजे चौथा हिस्सा, आणि विचलन १.२ असेल तर साधारण तेवढेच यायला हवेत. हा इंटरव्हल सरासरी कुठे आहे ते सांगतो, मुलं कुठे आहेत ते नाही. वर्गातला आणखी एखादा जण किती झोपत असेल याचा ९५ टक्क्यांचा अंदाज हवा असेल तर त्याचं सूत्र वेगळं: ६.८ ± २.०३ × १.२ × √(१ + १/३६). उत्तर येतं ४.३ ते ९.३. केवढा रुंद पट्टा! तोही आकड्यांचा आकार साधारण घंटेसारखा असेल तरच खरा.

"पुढच्या नमुन्याची सरासरी ९५ टक्के वेळा याच पट्ट्यात येईल" असंही लिहिलेलं दिसतं. तेही नाही. तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या नमुन्याची सरासरी पहिल्याच्या इंटरव्हलमध्ये पडण्याचं प्रमाण सरासरी ८३ टक्क्यांच्या आसपास निघतं, कारण दुसरा नमुनाही आपल्या परीने हलणारच.

गणितातली_मुंगी

आता वेगळाच पेच. माझी प्रोजेक्टमधली जोडीदार म्हणते की ३६ फार कमी आहेत. फॉर्मची लिंक कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर टाकू, ३०० उत्तरं सहज येतील आणि इंटरव्हल एकदम बारीक होईल. सूत्राप्रमाणे तिचं बरोबर आहे ना? खाली √३०० येईल.

अनुमान

नको! हे मी कळकळीने सांगतोय, कारण असे हातचे चांगले प्रोजेक्ट वाया गेलेले पाहिलेत.

तुमच्याकडे हजेरीपटावरून रँडम काढलेले ४० जण आहेत. पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हे क्वचित मिळतं. ± नंतरच्या आकड्यात फक्त एकाच गोष्टीचा हिशेब असतो: रँडम निवडीत नशिबाने कोण आले आणि कोण राहिले. लिंकवर क्लिक कोण करतं याचा हिशेब त्यात नसतो. रात्री दोन वाजता ग्रुपवर जागा असलेला जण तुमचा फॉर्म आधी भरणार, आणि विषय तर झोपेचा! असे ३०० जमवलेत तर चुकीच्या जागेभोवती बारीक इंटरव्हल मिळेल.

१९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २३ लाखांहून जास्त परत आल्या. सूत्रात घातल्या तर एवढ्या उत्तरांना ± ०.१ टक्कासुद्धा येत नाही. त्यांच्या आकड्यांत रुझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन आरामात जिंकत होते. प्रत्यक्षात रुझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली, मतं सुमारे ६१ टक्के. पत्त्यांच्या याद्या मोटारमालक आणि टेलिफोनधारकांच्या होत्या, आणि परत पाठवणारेही आपल्या मर्जीने पाठवणारे होते. उत्तरांची संख्या त्यातलं काहीच दुरुस्त करू शकली नाही.

इंटरव्हल बारीकच करायचा असेल तर त्याच हजेरीपटावरून आणखी क्रमांक रँडम काढा. रुंदी निम्मी करायला एरवी चौपट माणसं लागतात, पण तुमचा वर्गच १२०चा आहे, आणि त्याचा तुम्हाला फायदा आहे. छोट्या समष्टीचा मोठा भाग नमुन्यात आला की प्रमाण त्रुटीला √((१२० − ३६) ÷ ११९) ने गुणता येतं (मर्यादित समष्टीची दुरुस्ती). ते ०.८४ येतं. मग ± ०.४१चं ± ०.३४ होतं आणि इंटरव्हल ६.४६ ते ७.१४. अट एकच: निष्कर्ष फक्त या वर्गापुरता. "कॉलेजमधले विद्यार्थी" असं लिहायचं असेल तर ही सूट नाही, आणि तसं लिहिण्याचा अधिकारही या नमुन्याला नाही.

शेवटचा_बाक

हे सूत्र आम्हाला शिकवलंच नाही. १२०च्या १२० जणांना विचारलं तर मग ± शून्य?

अनुमान

हो. आतला आकडा शून्य होतो. सगळ्यांना विचारल्यावर अंदाज उरतच नाही. सूत्र बरोबर आहे का हे तपासायची ही छान रीत आहे.

तळटीप

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. फोनचा प्रश्न मागे राहिला म्हणून लिहितो.

३६पैकी २७ म्हणजे ०.७५. शिकवतात ते सूत्र: ०.७५ ± १.९६ × √(०.७५ × ०.२५ ÷ ३६). उत्तर ६१ ते ८९ टक्के. चालतं, पण हे सूत्र छोट्या नमुन्यात दगा देतं. नाव ९५ टक्क्यांचं असलं तरी प्रत्यक्षात त्याहून कमी वेळा खरा आकडा पकडतं, आणि प्रमाण ० किंवा १ च्या जवळ असेल तर फारच कमी. एडविन विल्सन यांनी १९२७मध्ये दिलेलं सूत्र लाव, ५९ ते ८६ येईल. नीट बघ, हा पट्टा ७५च्या दोन्ही बाजूंना सारखा नाही, ५० टक्क्यांकडे जरा झुकलेला आहे. तसाच असायला हवा.

औषधाच्या प्रश्नात तर नेहमीचं सूत्र पार आडवं होतं. ० ± १.९६ × √(० × १ ÷ ३६) म्हणजे शून्य ते शून्य. ३६ जणांना विचारून "वर्गात एकही नाही, खात्रीने" असं म्हणता येईल का? तिथे साधा उपाय: ३ भागिले नमुन्याची संख्या. ३ ÷ ३६ म्हणजे ८ टक्क्यांच्या थोडं वर. एकही हो नसेल तर ९५ टक्क्यांची वरची मर्यादा साधारण इतकी. गणित तोंडी जमण्यासारखं आहे: खरं प्रमाण ८ टक्के असतं तर ३६पैकी ३६ नाही म्हणण्याची शक्यता ०.९२ चा ३६वा घात, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास.

आणि मुंगी, औषधाचा प्रश्न नाव लिहून घेतलेल्या फॉर्मवर होता का? तसं असेल तर त्या शून्यावर माझा फार भरवसा नाही, इंटरव्हल कुठलाही लावलास तरी.

गणितातली_मुंगी

नाव नाही, पण हजेरी क्रमांक होता. ते प्रोजेक्टमध्ये लिहिते.

अजून एक. ३६मध्ये १८ जण वसतिगृहात राहतात, १८ घरून येतात. घरच्यांची सरासरी ७.२, वसतिगृहातल्यांची ६.४, विचलन दोन्हीकडे १.१५. टी लावून घरचे ६.६३ ते ७.७७, वसतिगृह ५.८३ ते ६.९७. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे फरक नाही असंच लिहायचं ना?

मोजपट्टी

थांब, तसं लिहू नकोस. दोन पट्टे एकमेकांवर चढले म्हणून फरक नाही असं ठरत नाही. फरकाचा प्रश्न असेल तर फरकाचाच इंटरव्हल काढायचा.

फरक ०.८. दोन्ही प्रमाण त्रुटी ०.२७१. फरकाची प्रमाण त्रुटी काढताना त्या सरळ मिळवत नाहीत, वर्ग करून मिळवतात आणि वर्गमूळ घेतात: ०.३८३. टी ३४ला (१८ + १८ − २) २.०३. म्हणून ०.८ ± ०.७८, म्हणजे ०.०२ ते १.५८ तास. शून्य बाहेर राहिला!

दोन पट्ट्यांची टोकं ताडून बघताना आपण नकळत दोन्ही त्रुटी सरळ मिळवतो, म्हणजे दोन्ही नमुने एकाच वेळी उलट दिशांना पुरते चुकले असं धरतो. तेवढं वाईट नशीब क्वचित असतं. उलट बाजूचं मात्र खरं आहे: पट्टे एकमेकांना शिवलेच नाहीत तर फरकाच्या इंटरव्हलमध्येही शून्य येत नाही.

पण "शून्य बाहेर" म्हणून उड्या मारू नकोस. खालचं टोक ०.०२ तास म्हणजे मिनिटभर, वरचं टोक दीड तासाच्या वर. फरक नगण्य ते भलामोठा यातलं काहीही असू शकतं, एवढंच हा नमुना सांगतोय. हे दोन्ही आकडे वाचणाऱ्यासमोर ठेव.

गणितातली_मुंगी

निष्कर्ष असा लिहिलाय, बघाल का?

"वर्गाच्या १२० जणांतून रँडम निवडलेल्या ४०पैकी ३६ जणांच्या उत्तरांवरून वर्गाच्या सरासरी झोपेचा अंदाज ६.८ तास, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ६.४६ ते ७.१४ तास (टी वितरण, मर्यादित समष्टीची दुरुस्ती धरून). या पद्धतीने वारंवार नमुने घेतले तर मिळणाऱ्या इंटरव्हलांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत वर्गाची खरी सरासरी येईल."

अनुमान

छान. आता मॅडमना विचारायला काही उरत नाही. मी फक्त त्या चौघांबद्दल एक परिच्छेद मागेन, ज्यांनी फॉर्म भरला नाही. ४० रँडम होते, ३६ रँडम उरलेत की नाही हे सांगता येत नाही. आधी त्यांना पुन्हा गाठायचा प्रयत्न कर.

गणितातली_मुंगी

दोघांना विचारलं, नको म्हणाले. दोघं वर्गात येतच नाहीत. आता?

मोजपट्टी

मग दोन्ही टोकं मांड. चौघंही फोनला नाही म्हणाले असते तर ४०पैकी २७, म्हणजे ६७.५ टक्के. चौघंही हो म्हणाले असते तर ३१, म्हणजे ७७.५ टक्के. झोपेचंही तसंच: चौघं ५-५ तास झोपत असतील तर ४० जणांची सरासरी ६.६२, ९-९ तास झोपत असतील तर ७.०२. इंटरव्हलच्या तक्त्याखाली एका ओळीत हे चार आकडे दे, आणि चौघांपैकी वसतिगृहातले किती हे हजेरीपटावरून कळत असेल तर तेही लिही.